'राम' या विशेषनामाचे मूळ व त्याचे लौकिक अर्थ

(१)

विशेषनाम हे इतिहासाचे लहानसे परंतु विश्वासू साधन आहे. ताम्रपट बनावट असू शकतो, महजरातील साक्षीदार पढविलेले असू शकतात, बखरकार आपल्या धन्याच्या बाजूस कलतो. परंतु कागदावर जी माणसांची नावे येतात त्यांस खोटे बोलण्याचे कारण सहसा नसते. नावावरून घराण्याचे दैवत कळते, प्रांत कळतो, पुष्कळदा ज्ञाति व पायरीही कळते. कै. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी स्थलनामांबरोबर व्यक्तिनामांच्या व्युत्पत्तीकडेही लक्ष पुरविले, ते याच कारणाने. प्रस्तुत लेखात आम्ही एकच नाव घेतले आहे. ते म्हणजे 'राम'. हे नाव इतके सर्वपरिचित आहे की त्याचा विचार करावयाचा असतो हेच ध्यानात येत नाही. त्याचे मूळ काय, महाराष्ट्रात ते कोणत्या रूपांनी वावरले, आणि बोलण्याच्या ओघात त्यास कोणते निराळे अर्थ चिकटले, हे क्रमाने पाहावयाचे आहे. त्यांपैकी शेवटच्या अर्थाविषयी आमच्या माथी एक जुने ऋण आहे. तेही त्या त्या स्थळी सांगू.

(२)

वैदिक वाङ्मयात 'राम' हा शब्द प्रथम विशेषण म्हणून आढळतो, व त्याचा अर्थ 'काळा, सावळा' असा आहे. निघण्टूत रात्रीची जी नावे सांगितली आहेत त्यांत 'राम्या' हे एक आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात अंगावरील पांढरे डाग घालविण्यासाठी जे सूक्त आहे, त्यात औषधी वनस्पतीस 'रामा' म्हणून हाक मारलेली आहे, ती तिच्या काळेपणामुळे. यास्काचार्यांनी निरुक्ताच्या बाराव्या अध्यायात 'अधोराम' याचा अर्थ 'खालच्या बाजूस काळा' असाच दिला आहे.

दुसरी व्युत्पत्ति 'रम्' धातूपासूनची. रमणे म्हणजे आनंद पावणे, विसावणे. त्यास 'घञ्' प्रत्यय लागून 'राम' शब्द सिद्ध होतो, व ज्याच्या ठायी मन रमते तो राम, असा अर्थ निघतो. वैयाकरणांनी व भक्तांनी हीच व्युत्पत्ति मान्य केली आणि लोकांतही हीच रूढ आहे. दाशरथी राम सावळा होता अशी परंपरा असल्यामुळे दोन्ही अर्थ एका ठिकाणी आले आहेत खरे. परंतु त्यावरून पहिला अर्थ त्या नावाचे मूळ ठरविणे साहसाचे होईल. येथे इतकेच म्हणावयाचे की ध्वनीने एक असलेले दोन शब्द जुन्या भाषेत होते व पुढे एकाने दुसऱ्यास झाकून टाकले.

व्यक्तिनाम म्हणूनही हा शब्द प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात दानशूर यजमानांच्या नामावळीत एक राम येतो. ऐतरेय ब्राह्मणात राम मार्गवेय आहे, शतपथ ब्राह्मणात राम औपतस्विनि आहे. यांपैकी कोणीही अयोध्येचा नव्हे. तात्पर्य, महापुरुषामुळे नावास थोरवी आली हे खरे, परंतु नाव त्याच्यासाठी घडविलेले नव्हते. ते त्या काळच्या माणसांचे साधे नाव होते.

(३)

पुराणेतिहासात तीन राम प्रसिद्ध झाले : जामदग्न्य, दाशरथी व बलराम. आज नुसते 'राम' म्हटले म्हणजे मधलाच मनात येतो. पूर्वी तसे नव्हते. पतंजलीच्या महाभाष्यात धनपति, राम व केशव यांच्या प्रासादाचा, म्हणजे मंदिराचा, उल्लेख आहे. तेथील राम हा केशवाचा वडील बंधू बलराम होय. अमरकोशातही 'राम' हा शब्द बलरामाच्या नावांत गणला आहे. तेव्हा जुन्या लेखात 'राम' दिसताच रामायणाकडे धाव घेऊ नये, इतका बोध यातून घ्यावा.

राम तीन, म्हणून शब्दांकांच्या पद्धतीत 'राम' याचा अर्थ तीन. पोथ्यांच्या समाप्तिलेखांतून हा शब्द वारंवार भेटतो. हे अंक एकंस्थानापासून मांडावयाचे असतात. उदाहरणार्थ, 'राम-नेत्र-मुनि-भू' असे आले तर तीन, दोन, सात, एक, अर्थात शके १७२३. नवशिक्या वाचकाने 'राम' हे लेखकाचे नाव समजून पोथीचा कर्ता म्हणून नोंदवू नये. नाव असून व्यक्ती नाही, असा प्रकार येथे प्रथम दिसतो. तो पुढे पुन्हा दिसणार आहे.

(४)

महाराष्ट्रात या नावाची परंपरा देवगिरीपासून सहज दाखविता येते. यादवांचा रामचंद्रदेव, ज्यास आपण रामदेवराव म्हणतो, तो १२७१ मध्ये गादीवर आला. ज्ञानेश्वरी त्याच्याच राज्यात शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये सांगून पुरी झाली, व त्याच्याच कारकीर्दीत १२९६ मध्ये अल्लाउद्दीनाची स्वारी आली. पुढे सतराव्या शतकात नारायण नावाच्या मुलाने स्वतःस 'रामदास' म्हणविले व १६४८ मध्ये चाफळास राममंदिर उभारले. शिवछत्रपतींच्या धाकट्या पुत्राचे नाव राजाराम. 'आज्ञापत्र' ज्यांचे म्हणून प्रसिद्ध आहे ते रामचंद्रपंत अमात्य. पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री, शिंद्यांचे कारभारी रामचंद्रबाबा, कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव, शाहीर रामजोशी, ही नावे सर्वांस ठाऊक आहेत. याशिवाय सखाराम, तुकाराम, आत्माराम, सीताराम, जयराम, शिवराम, गंगाराम, शांताराम, धोंडीराम अशी जोडनावे. यांत शिवापासून धोंड्यापर्यंत सर्वांस राम जोडलेला आहे.

परंतु संशोधकाने लक्ष द्यावे ते मूळ नावाकडे नव्हे, त्याच्या शेपटाकडे. रामशास्त्री म्हणताच विद्या कळते. रामचंद्रपंत म्हणताच कारकुनी पेशा व ब्राह्मण्य कळते. रामराव म्हणताच सरदारी किंवा निदान ऐपत. रामभाऊ म्हणताच घरोबा. रामजी म्हणताच साधा परंतु मान राखलेला माणूस. रामा म्हणताच त्याहून खालचा. आणि राम्या म्हणताच अगदी तळचा. नाव एकच, पण त्याच्या सात पायऱ्या, आणि कोणास कोणत्या पायरीवर उभे करावयाचे ते बहुधा हाक मारणारा ठरवितो. नमस्कारातही हीच तऱ्हा होती. मराठेशाहीच्या पत्रांत ब्राह्मणास नमस्कार, सरदारांच्या परस्परांत रामराम, महारांनी जोहार, असे मायने ठरलेले असत. एक 'राम' शब्दसुद्धा सर्वांच्या तोंडी समान नव्हता.

(५)

आता लौकिक अर्थ. मराठीत 'राम' शब्द देवाच्या व माणसाच्या नावापलीकडे किती कामे करतो ते पाहण्यासारखे आहे. भेटताना रामराम, आणि सोडून जातानाही रामराम. म्हणून 'नोकरीस रामराम ठोकला' म्हणजे ती टाकली. अंतकाळी मुखी राम यावा ही इच्छा, त्यावरून 'त्याने राम म्हटला' म्हणजे तो मेला. एखाद्या भाषणात 'राम नाही' म्हणजे सत्त्व नाही. पोट भरले की 'आत्माराम' शांत होतो; उपनिषदांच्या वाटेने आलेला शब्द येथे जेवणाच्या पाटावर येऊन बसला आहे. पहाटेस रामप्रहर, अचूक औषधास रामबाण, संपता न संपणाऱ्या कामास रामरगाडा, आणि लांबलेल्या गाऱ्हाण्यास रामायण. या सर्व अर्थांत थट्टा असली तरी तुच्छता नाही. नाव उतरले आहे, परंतु मलिन झालेले नाही.

माणसाच्या नावाचे सामान्यनाम होते तेव्हा मात्र निराळे घडते. 'सोम्यागोम्या' म्हणजे ज्याची गणना करावयाची नाही असा कोणीही. 'गोमाजी कापशे' म्हणजे न मोजण्यासारखा इसम. 'स्वतःस मोठा बाजीराव समजतो' यात पराक्रमी पेशव्याच्या वाट्यास नुसती ऐट उरली. मुंबईकडे पोलीस शिपायास 'पांडू' म्हणण्याची जी रीत आहे, ती १९७५ च्या 'पांडू हवालदार' या बोलपटाने सर्वतोमुखी केली. पंढरीच्या देवाचे नाव खाकी गणवेशास शिवले गेले. १९६७ मध्ये हरियाणातील गयालाल नावाच्या आमदारांनी पंधरवड्यात तीन वेळा पक्ष बदलला, तेव्हापासून 'आयाराम गयाराम' हा शब्द सर्व देशी भाषांत शिरला. या उदाहरणांवरून एक नियम सांगता येतो : नाव सामान्य झाले की त्या मागची व्यक्ती नाहीशी होते. 'आयाराम' म्हणताना गयालाल यांची कोणास आठवण होत नाही.

(६)

याच नियमाचे सर्वांत व्यापक, आणि आमच्या मते सर्वांत दुःखद, उदाहरण 'रामा' हे होय. मुंबईत घरगड्यास 'रामा' किंवा 'रामागडी' म्हणत. त्यातील 'गडी' हा शब्द मुळात बरोबरीचा. खेळगडी, सवंगडी यांत तो अजून तसाच आहे. चाकर या अर्थी तो खाली आला, आणि त्यास 'रामा' जोडला गेला.

या प्रयोगाचे कारण मुंबईच्या वाढीत आहे. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची उभारणी केली. पुढच्या अर्धशतकात गिरण्या, गोदी व पेढ्या यांनी शहर भरले. १८७२ च्या खानेसुमारीत ६,४४,४०५ असलेली वस्ती १९११ मध्ये ९,७९,४४५ झाली. या भरतीत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा. जमीन थोडी व खडकाळ, खोतीचा जाच, आणि मुंबईस नेणारी आगबोट बंदरात उभी, या तीन कारणांनी कोकणचा तरुण घराबाहेर पडला. ज्यास गिरणीत जागा मिळाली तो गिरणीत गेला. न मिळाली तो गुजराती, पारशी, इंग्रज किंवा पांढरपेशा मराठी घरात भांडी, पाणी व झाडलोट यांवर राहिला. इंग्रजांच्या बंगल्यात चाकरांस हुद्द्याने हाक मारीत. एटकेन यांच्या 'बिहाइंड द बंगलो' (१८८९) या पुस्तकाची बहुतेक प्रकरणेही बॉय, हमाल, धोबी, आया अशी हुद्द्यांवरूनच केलेली आहेत. देशी घरांतून हुद्द्याऐवजी नाव वापरले गेले. परंतु ते एकच नाव सर्वांस. गुजरातीत त्याचे 'रामो' झाले. मुंबईच्या इंग्रजीत तर त्याचे अनेकवचनही होऊ लागले. ज्या नामाचे अनेकवचन होते ते व्याकरणदृष्ट्या विशेषनाम राहत नाही.

या 'रामा'चे व्याकरण अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. संस्कृतात 'राम' याचे संबोधन 'राम' असेच ऱ्हस्वान्त आहे. मराठीत मात्र देव–देवा, बाळ–बाळा, त्याप्रमाणे राम–रामा. म्हणजे 'रामा' हे संबोधनाचे रूप होय. संतांनी नामा, तुका, चोखा ही आकारान्त रूपे स्वतःस लावून घेतली, तो प्रकार निराळा. तेथे लहानपण आपण होऊन पत्करलेले आहे. स्वयंपाकघरातील 'रामा' कोणी आपण होऊन पत्करलेला नाही. ज्या माणसाविषयी घरात कधी बोलणे होत नाही, ज्यास केवळ बोलाविले जाते, त्याच्या नावाची प्रथमा कशी राहणार? संबोधनच गोठून त्याचे नाव झाले. निरुक्तातही 'रामा' असा स्त्रीलिंगी शब्द असून तो धर्मपत्नीचा मान नसलेल्या, केवळ रमणासाठी ठेवलेल्या कृष्णवर्णी स्त्रीस लावलेला आहे. त्याचा व मुंबईच्या शब्दाचा वंशसंबंध मुळीच नाही. ध्वनिसाम्यावरून तो जोडण्याचा मोह कोणास होऊ नये, म्हणून येथे उल्लेख केला.

(७)

आता उपरिनिर्दिष्ट ऋण. १९७१ च्या उन्हाळ्यात आम्ही मुंबईस गिरगावात एका आप्ताकडे सुट्टीसाठी राहिलो होतो. वय अकरा. त्या घरी साठीच्या घरातले एक गृहस्थ गडी म्हणून होते. गृहस्थ हा शब्द आम्ही आज वापरतो. तेव्हा त्यांस 'अरे रामा' म्हणूनच हाक मारीत असू, आणि त्यात काही वावगे आहे असे आम्हांस शिकविलेले नव्हते. बावीस वर्षे ते त्या घरी पाणी भरीत होते. घरातील वृद्ध बाई विनोदाने म्हणत की बरे झाले, गड्यास हाक मारता मारता रामनाम घडते. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाने मुलास 'नारायण' म्हणून हाक मारली आणि तो तरला, त्या कथेवरून हा विनोद निघाला असावा.

दर महिन्यास त्यांची मनिऑर्डर गावी जात असे. डाकेने पैसे पाठविण्याची ही सोय १८८० मध्ये सुरू झाली, आणि पुढे कोकणातील किती चुली तिच्यावर पेटल्या याची गणना नाही. एरवी घरातील वडील मुलगा फॉर्म भरून देई. त्या दिवशी तो बाहेरगावी असल्यामुळे काम आमच्याकडे आले. पाठविणाऱ्याच्या जागी आम्ही ठळक अक्षरांत 'रामा' असे लिहिले व लिहिलेले वाचून दाखविले. ते क्षणभर गप्प राहिले, आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाबू, ह्यां नाव हयचां. घराकडे ह्या नावान माका कोण वळखणा नाय."

मग त्यांनी आपले नाव सांगितले. ते त्यांच्या गावच्या रवळनाथावरून ठेवलेले होते, व त्यांच्या आजाचेही तेच होते. बापाचे नाव सांगितले, आडनाव सांगितले, गाव, वाडी, टपाल सर्व सांगितले. फॉर्मवर ते सर्व बसविण्यास आम्हांस अक्षर बारीक करावे लागले. पुढे आम्ही घरात विचारले की रामाचे खरे नाव काय. कोणासही सांगता आले नाही. उलट असे कळले की त्यांच्या आधीच्या गड्यासही रामाच म्हणत असत, आणि पुढे दोन वर्षांनी ते गावी गेल्यावर जो नवा आला त्यासही. शब्दांकांतील 'राम' जसा एक संख्या, तसा हा एक जागा दाखविणारा शब्द होता. जागा भरली की नाव आपोआप लागू.

त्या गृहस्थांचे नाव आम्ही येथे देत नाही. त्यांची मुलेनातवंडे आहेत, व त्यांच्या अनुमतीवाचून ते छापणे आम्हांस उचित वाटत नाही. परंतु पुढे तीस-पस्तीस वर्षे अध्यापन करताना हजेरी घेण्याचे काम आम्ही कधी दुसऱ्यावर सोपविले नाही, आणि पटावरील नाव पुरे वाचल्यावाचून पुढच्या ओळीवर गेलो नाही, त्याचे मूळ त्या फॉर्मात आहे.

(८)

याच रत्नागिरी जिल्ह्यातील, मंडणगड तालुक्यातील एका घराण्याचे रामजी सकपाळ लष्करात सुभेदार झाले. ज्या समाजास कागदोपत्री जोहार लिहावा लागे त्या समाजात त्यांचा जन्म. परंतु पलटणीतील हुद्द्यामुळे 'रामजी' यातील 'जी' कोणास काढता आला नाही. तेही मुंबईच्या चाळीत राहिले व १९१३ मध्ये वारले. त्यांच्या पुत्राचे, डॉ. भीमराव आंबेडकर यांचे, नाव आज लाखो लोकांच्या तोंडी 'जय भीम' या रूपाने अभिवादन झाले आहे. माणसाचे नाव सर्वांचे झाले म्हणजे ते खालीच जाते असे नाही, याचे हे प्रमाण होय. पित्याचे नाव घरोघर हाकेचे झाले होते. पुत्राचे नमस्काराचे झाले. भेद व्युत्पत्तीत नाही, उच्चारणाऱ्याच्या मनात आहे.

आरंभी आम्ही म्हटले की नावांस खोटे बोलण्याचे कारण सहसा नसते. 'रामा' हा त्यास अपवाद समजावा. एकोणिसाव्या व विसाव्या शतकातील मुंबईच्या घरखर्चाच्या वह्या, पत्रे व आठवणी आता संशोधनाची साधने म्हणून पुढे येत आहेत. त्यांत 'रामास पगार', 'रामास धोतरजोडी' अशा नोंदी भेटतील. त्या रामास एक व्यक्ती समजून त्याचा पन्नास वर्षांचा सेवाकाल ठरविण्याची चूक होऊ नये. तेथे एकामागून एक पाच माणसे असू शकतील. उलट ज्या घरी मनिऑर्डरीच्या पावत्या, गावाकडची पत्रे किंवा ट्रंकेच्या झाकणावर रंगविलेले नाव शिल्लक असेल, तेथे खरे नाव सापडेल. कोकणात अशा ट्रंका अजून माळ्यांवर आहेत. ज्यांच्या घरी त्या असतील त्यांनी त्यांवरील नाव, गाव व साल उतरून ठेवावे, अशी आमची नम्र विनंती आहे. राजांच्या वंशावळी पुष्कळ छापल्या. या माणसांची निदान नावे तरी लिहिली जावीत. नाहीतर आमच्या इतिहासात पुष्कळ काही असेल, पण राम नसेल.

इत्यलम्.